मरे आडनावाचा मुलगा

"आई, त्याच्या नाकाकडे बघ ना... कुणीतरी चिमूटभर तिखट उडवल्यासारखं दिसतंय."

फहाहीलच्या मासळीबाजारात मी हे अगदी बिनधास्त, मोठ्याने बोलले. का नाही बोलणार? समोरचा माणूस चांगला गोरा होता. निळा बॉयलरसूट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, भुरे-तांबूस केस आणि नाकागालांवर पसरलेले ते ठिपके. बाहेर पाऊस कोसळत होता. कुवेतमध्ये तो क्वचितच पडतो, पण आला की रस्ते तुंबवूनच जातो. त्यामुळे सगळा बाजार छपराखाली दाटला होता, आणि तो नि मी झुबैदीच्या एकाच ढिगापुढे उभे होतो. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट.

त्याने एक मासा उचलला, कल्ले उघडून पाहिले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तिखट नाय ओ. जन्मापासून आसत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आई मात्र खुशीत आली. "अगंबाई, तुम्ही मराठी?"

"वेंगुर्ल्याचो."

"पण तुम्ही तर..." मी अडखळले.

"गोरा दिसतो. हो. आरशात बघितलंय मी." आता त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे हिरवट-करडे होते आणि हसत होते. "तुम्हाला आणखी काही सांगायचं असेल तर सांगा, मी मागे वळून उभा राहतो."

बाहेर टॅक्सी मिळणं शक्यच नव्हतं. तो फिंतासलाच राहत होता, आमच्या मागच्या गल्लीत. त्याने गाडीतून सोडतो म्हटलं आणि आई मासे सांभाळत पुढे जाऊन बसलीसुद्धा.

"नाव काय तुमचं?"

"कॅलम मरे."

"काय?" आई दचकली.

"आडनाव आहे, काकू. शाळेत बाई हजेरीला 'मरे' म्हणाल्या की सगळा वर्ग ओरडायचा, 'नाही बाई, जिवंत आहे.'"

मी मागे बसून तोंडावर ओढणी धरली. आरशात त्याचे डोळे दिसले... त्याला कळलं होतं मी हसतेय ते.

त्याचे पणजोबा स्कॉटलंडचे. आगबोटीच्या इंजिनांचे कारागीर. बायकोमुलांना घेऊन बोटीने मुंबईला आले आणि तिथून वेंगुर्ला बंदरात. ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या मुलाने गावातलीच मुलगी केली, नातवानेही तेच केलं. "आजी, बाबा, आई, सगळी सावळी," तो म्हणाला. "रंग थेट माझ्यावर येऊन आदळला."

"स्कॉटलंडमध्ये कुठले?" आईने विचारलं.

"ॲबरडीनचे."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्याच्याकडे. "अहो... आम्ही मार्चमध्ये तिकडेच चाललोय. कायमचे."

---

बाबा, म्हणजे जगन्नाथराव, गेली कित्येक वर्षं अहमदीला तेल कंपनीत इंजिनिअर होते. आता त्यांना ॲबरडीनला नोकरी मिळाली होती. मी अहमदीच्याच एका हॉस्पिटलात नर्स होते, आणि तिकडच्या हॉस्पिटलने फोनवर मुलाखत घेऊन मलाही बोलावलं होतं. घरात रोज त्याच गप्पा. कोट कुठले घ्यायचे, मसाले किती न्यायचे, घराला चूल असेल का शेगडी. बाबा तर पंचविशीतल्यासारखे उड्या मारत होते. कॅलमबद्दल कळल्यावर त्यांनी त्याला त्याच शुक्रवारी जेवायला बोलावलं.

"तर मला सांगा," जेवायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली, "तिकडे थंडी नेमकी कशी असते? कोरडी का बोचरी?"

"काका, मी कधी गेलोच नाही तिकडे."

"हो, पण घरात बोलणं होत असेल की."

"घरात बोलणं आंब्याचं आणि माशांचं होतं."

बाबांचा विश्वास बसेना. असा चेहरा असलेल्या माणसाला स्कॉटलंड माहीत नाही म्हणजे काय? त्याने तरी काय करावं... पुढच्या आठवड्यात वेंगुर्ल्याला फोन लावून आपल्या ताराआजीला विचारलं आणि शुक्रवारी परत आला. "आजी म्हणते, तिची सासू सांगायची, तिकडचा वारा तोंडात शिरून दात मोजून जातो."

बाबा खूश. आणि मी वाट बघायला लागले, पुढच्या शुक्रवारची.

एकदा त्याने पणजीची गोष्ट सांगितली. इसाबेला तिचं नाव. नवरा एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, आपण हिंदुस्थानात जातोय. पदरात चार मुलं. बोटीवर ती आठवडाभर उठली नाही. मुंबईहून वेंगुर्ल्याला पोचली तेव्हा होडीतून उतरायला तयार होईना, खलाशांनी खुर्चीत बसवून किनाऱ्यावर आणली. "म्हातारपणी आजीला सांगायची, मला इथे सगळं मिळालं गो, माणसं मिळाली, घर मिळालं. पण कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं, येशील का म्हणून."

आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. क्षणभरच. मग पुन्हा सुरू झालं.

जेवण झाल्यावर मी त्याला खाली सोडायला जायचे. आधी गाडीपर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग समुद्रापर्यंत. तो शुऐबा बंदरात टगवर इंजिनिअर होता. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या त्या बुटक्या, ताकदवान बोटी. त्याबद्दल बोलताना त्याचे हात चालत, आणि मी त्या हातांकडे बघत राही...

"तुझी बोट किती लहान आणि जहाज केवढं. भीती नाही वाटत?"

"जहाजाला वाटते. ते माझ्या भरवशावर असतं."

"केवढी ती घमेंड."

"वेंगुर्ल्याचं पाणी आहे." तो थांबला. वाऱ्याने माझी ओढणी त्याच्या खांद्यावर जाऊन पडली होती. त्याने ती उचलून परत दिली, पण हळूच... जरा जास्तच हळू. "एक सांगू? मला लग्नाची काळजी वाटते."

"का?"

"आडनावामुळे. कोण मुलगी तयार होईल? आता बघ ना... शलाका मरे."

"हे नाव आहे का बातमी?"

तो इतका हसला की किनाऱ्यावर मासे पकडत बसलेली माणसं वळून बघायला लागली. मीही हसले. घरी आले आणि आरशासमोर उभी राहून ती बातमी स्वतःशीच हळूच म्हणून पाहिली. कान गरम झाले.

---

फेब्रुवारीत तो यायचा बंद झाला.

एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. फोन केला तर त्याच्या खोलीतला चंद्रहास म्हणायचा, "बाहेर गेलाय." आणि मागून कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज यायचा. बाबा अस्वस्थ, त्यांना ॲबरडीनच्या बसचं विचारायचं होतं. आई दुपारी माझ्यापुढे चहा ठेवून म्हणाली, "समुद्रावर असेल. जा."

तो खरंच तिथे होता. गळ टाकून बसलेला, गळाला आमिषच नव्हतं.

"तू आला नाहीस."

"तुमची बांधाबांध चालू असेल, म्हटलं."

"खोटं बोलतोस."

"बरं, खोटं." त्याने गळ गुंडाळायला घेतला. माझ्याकडे बघत नव्हता. "शलाका, मी आलो असतो तर तोंडून निघून गेलं असतं... थांब म्हणून."

मी त्याच्या शेजारी बसले. "मग म्हण."

"नाही म्हणणार. तुझी तिकडे चांगली नोकरी आहे. आईवडील आहेत. दिवसभर मी जहाजं ओढतो, तेवढं ओढणं पुरे. माणसाला नाही ओढणार."

"आणि तू? तू तिकडे यायचं बघितलंस?"

"बघितलं ना. व्हिसाच्या खिडकीतल्या बाईने आधी माझा चेहरा पाहिला, मग भारतीय पासपोर्ट. म्हणाली, पणजोबांच्या नावावर काही मिळत नाही." तो हसला, पण ओठांनीच. "तसंही मला इथलं काम आवडतं. आणि वर्षातून एकदा वेंगुर्ला. मला तिकडचं काहीच नको होतं गं... तू भेटेपर्यंत."

मला राग आला. एवढं सगळं त्याने एकट्यानेच ठरवून टाकलं होतं.

"ओढू नकोस," मी म्हटलं. "पण विचारशील तरी?"

त्याने गळ खाली ठेवला. लाट येऊन दगडांवर फुटली, आमच्या पायांवर थेंब उडाले. मग त्याने अगदी सावकाश विचारलं, "तुला काय हवंय, शलाका?"

चोविसावं वर्ष संपत आलं होतं. नाशिक सोडलं तेव्हा, युद्ध सुरू झाल्यावर बसने बसऱ्यामार्गे अम्मानला पळालो तेव्हा, पुन्हा कुवेतला आलो तेव्हा... बॅग भरायची एवढंच मला माहीत होतं.

"उद्या सांगते," मी म्हटलं आणि जवळजवळ धावतच घरी आले.

---

घरी मी दारातच बोलून टाकलं. "बाबा, मी ॲबरडीनला येत नाहीये. मला इथल्या वॉर्डात राहायचंय. आणि मला... कॅलम आवडतो."

बाबा खुर्चीत बसले. "म्हणजे त्या मुलाने तुला थांब म्हणून गळ घातली?"

"नाही. तो म्हणायला तयारच नव्हता. त्याने फक्त विचारलं, मला काय हवंय."

"तो ख्रिश्चन आहे. त्याचे लोक कोण, आपले कोण. आणि तू इथे एकटी..."

"अहो," आई मध्येच म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी बाबा थांबले. "तुम्ही मला कधी विचारलंत हो? नाशिक सोडताना? इथे परत येताना? आताही, ॲबरडीनचं तिकीट काढताना?"

"राजश्री, तुला यायचं नाहीये का?"

"यायचंय. मला बर्फ बघायचाय. पण विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, आणि ते 'हो' माझं असतं." तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "तिला कुणीतरी विचारलंय. तिला उत्तर देऊ दे."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या बसचं तेवढं विचार त्याला," ते म्हणाले. "आणि शुक्रवारी जेवायला ये म्हणावं. मला बोलायचंय त्याच्याशी."

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर मी थेट शुऐबा बंदराच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, उन्हात, ट्रकांच्या धुळीत. कामाची पाळी सुटली. माणसांच्या घोळक्यात ते तांबूस केस दिसले. त्याने मला पाहिलं आणि चालता चालता थांबला. मागचा माणूस त्याच्यावर आदळला.

मीच पुढे गेले. रात्रभर शब्द जुळवले होते, ते सगळे कुठे गेले कुणास ठाऊक.

"काल विचारलंस ना... मला काय हवंय?"

त्याने नुसती मान हलवली.

"मला माझं काम हवंय. हा समुद्र हवाय. आईबाबांना भेटायला दर उन्हाळ्यात ॲबरडीनला जायचंय. आणि उरलेल्या सगळ्या दिवसांत..." श्वास पुरेना, "तू हवायस."

त्याच्या ठिपक्यांच्या मधली कातडी लालेलाल झाली. ग्रीसने माखलेले हात त्याने बॉयलरसूटवर पुसले, तरी ते काळेच राहिले. मग त्याने तसेच पुढे केले आणि मी ते घट्ट धरले.

"माका... परत एकदा सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं, या वेळी न अडखळता, आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून डोकावून लांबपर्यंत हॉर्न वाजवत गेला.