ठमाबाईच्या अंगणातलं पाणी

देणगीत आलेला गॅस डिटेक्टर मी पुलावरून कुंडलिका नदीत टाकला, आणि त्यामुळे ठमाबाईचं घर वाचलं.

असं काही झालेलं नाही. डिटेक्टर पाहणीच्या वेळी हरवला असा माझा लेखी जबाब आहे. आता सुरुवातीपासून सांगतो.

मी प्रणित. तालुक्याच्या आपत्ती कक्षात कंत्राटी. कक्ष म्हणजे एक टेबल, एक फोन आणि एक शिडी. शिडी कुणाची ते कुणालाच माहीत नाही. पावसाळ्यात आम्ही पुराचे फोन घेतो, उरलेलं वर्ष राँग नंबर. त्यामुळे धाटाव एमआयडीसीतल्या एका कंपनीने आम्हाला गॅस डिटेक्टर भेट द्यायचं ठरवलं तेव्हा साहेबांनी शिडीसुद्धा पुसून घेतली.

नवीन वस्तू म्हणजे पूजा आलीच. साहेबांनी डिटेक्टरला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि कापराची आरती थेट त्याच्या नाकाखाली धरली. डिटेक्टरने असा काही टाहो फोडला की साहेब आरतीसकट जिन्यापर्यंत पोचले. तालुक्यातलं हे पहिलं यशस्वी स्थलांतर.

वापरायला शिकवण्यासाठी कंपनीतून निकेश आला होता. तिथे सेफ्टीत कामाला, वयाने माझ्याएवढाच.

"हा आकडा ऑक्सिजनचा," त्याने दाखवलं. "आणि हा एच टू एस. सडक्या अंड्याचा वास येतो ना, तो विषारी गॅस. फक्त तोंडाजवळ धरू नको." त्याने डिटेक्टरवर फुंकर मारली. ऑक्सिजनचा आकडा घसरला आणि मशीन पिपाणीसारखं वाजायला लागलं. "आपण सोडलेल्या हवेत ऑक्सिजन कमी असतो. नवीन पोरांना आमच्यात असंच घाबरवतात."

आठवड्याभरात धाटावच्या मागच्या वाडीतून तक्रार आली, दुपारी वास येतो म्हणून. साहेब म्हणाले, "ज्या घरात वाजेल ते घर सील. मला रिस्क नको." मी आणि निकेश निघालो. बाकी घरं गप्प होती. वालाच्या शेताला लागून शेवटचं घर ठमाबाईचं.

"मावशी, घरात कोण कोण?"

"मी न् आमचे हे."

'हे' भिंतीवर होते. जगन, चंदनाचा हार घातलेला फोटो. पूर्वी एका कंपनीत कंत्राटावर होता, टाकी धुवायला उतरला आणि दोरीने वर आला. ती कंपनीही आता बंद आहे.

या भागात एक रीत आहे. कंपनीतल्या पाळीवरून आलेला माणूस थेट घरात शिरत नाही. अंगणात गरम पाण्याची बादली तयार असते. अंगावरची कंपनी तिथे उतरवायची, मग उंबरा. तोवर पोरंसुद्धा जवळ जात नाहीत. ठमाबाईच्या अंगणात बादली होती. वाफ येत होती.

खाटेच्या उशाशी खुंटीला डिटेक्टर लावला. ठमाबाई चुलीपाशी वाल सोलत बसली, आम्ही दारात. पहिली पाळी सुटली, रस्त्यावरून कामगारांची बस गेली. थोड्या वेळाने मागे अंगणात पाणी सांडल्याचा आवाज आला.

"मांजर असेल," मी म्हणालो.

"मांजर तांब्याने अंघोळ करतं?" निकेश म्हणाला.

मग ऑक्सिजनचा आकडा घसरला. वर आला. घसरला. वर आला. खाटेपाशी कुणी नव्हतं. खाटेचा सुंभ मात्र मधोमध थोडा खाली गेला होता.

"हळू बोला रं," ठमाबाई म्हणाली. "दमून आलाय."

परतताना आम्ही ठरवलं की कापराने सेन्सर गेला. ही माझी आजवरची सगळ्यात शास्त्रीय थाप. सेन्सर ठीक होता, हे निकेशने कंपनीत तपासून मला फोनवर सांगितलं.

खात्री करायला पुन्हा गेलो. वालाच्या शेतातून आल्यामुळे पाय चिखलाने भरलेले. अंगणात आयतं गरम पाणी. निकेशने हातपाय धुतले, उरलेलं माझ्या पायांवर ओतलं.

ठमाबाई लाकडं घेऊन आली. रिकाम्या बादलीकडे बघितलं.

"पानी कुनी घेतलं?"

"मीच, मावशी," निकेश म्हणाला. "दुसरं भरून देतो की."

"आता कुठलं," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "बस गेली."

त्या दिवशी अंगणात पाणी वाजलं नाही.

खाटेशी आकडा घसरायला लागला. वर, खाली. इथपर्यंत आम्हाला सवय झाली होती, म्हणजे बघा. मग दुसरा आकडा हलला. एच टू एसचा. आजवर तो शून्यावरून हलला नव्हता.

वास आला.

आकडा चढत गेला. डिटेक्टर ओरडायला लागला. निकेशने माझी कॉलर धरून मला अंगणात ओढलं.

"मावशी, बाहेर या!"

ती आली, खोकत, पदर नाकाला लावून. घाबरलेली नव्हती. रागावलेली होती.

"तसाच आलाय आज. त्याचा काय दोष?"

तिने चूल पेटवली. पाणी कढलं. बादली अंगणात ठेवली आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "आधी अंघोळ. मंग घरात." मग आमच्याकडे वळून, "तिकडं तोंड करा."

आम्ही वालाकडे बघत राहिलो.

तांब्या बादलीत बुडाला. पाणी सांडलं. पुन्हा.

आतलं ओरडणं थांबलं.

डिटेक्टर वाजल्याचं कळताच साहेबांनी आदेश काढला. घर सील, बाईची रवानगी डोलवीला, लेकीकडे. फक्त डिटेक्टरमध्ये साठलेले आकडे जोडायचे बाकी होते. मी ठमाबाईला सांगायला गेलो.

"जाईन की," ती म्हणाली. "मला काय, लेकीकडं फॅन हाय. पन बादली कोन ठेवल? घर बंद दिसलं तं हा तसाच फिरल, वाडीत, घराघरांत. लोकांची पोरं हायत रे."

परतीच्या वाटेवर पूल लागतो. पुढचं माहीत नाही. आकड्यांशिवाय आदेश पडून राहिला आणि ठमाबाई घरात राहिली.

आता तिचे गुडघे गेलेत. ऑपरेशनसाठी तिला डोलवीला जावंच लागणार. मी काल अर्ज टाइप केला. साहेबांनी तो वाचून माझी तब्येत विचारली.

प्रति, मा. साहेब. ठमाबाई परत येईपर्यंत सदर घराच्या अंगणात रोज पहिली पाळी सुटण्यापूर्वी गरम पाण्याची बादली ठेवण्यासाठी एक कर्मचारी नेमण्यात यावा. पाणी कढत असावं. बादली ठेवल्यावर कर्मचाऱ्याने पाठ फिरवून उभं राहावं, आणि मागून कुणी नाव घेऊन टॉवेल मागितला तरी वळू नये, अशी सक्त ताकीद त्यास देण्यात यावी, ही विनंती.