चेलोला टेकलेली पाठ

बस अशी दिव्याजवळ. आम्ही बौद्ध माणसं, भूतबित मानत नाही. तरी सांगते.

आमचे हे, राजरत्न, अंबरनाथला कंपनीत कामाला. व्हायोलिनचं भारी वेड. क्लास नाही, काही नाही, ऐकून ऐकून शिकले. खोलीत वाजवलं की शेजारी भिंत ठोकायचे, म्हणून संध्याकाळी पालेगावच्या विहाराच्या ओट्यावर जाऊन बसायचे. शेजारचे चंदूभावजी ओरडायचे, "राजा, मांजराचं शेपूट सोड की आता!" हे हसायचे नि वाजवत राहायचे. मला अभिमान वाटायचा. चारचौघांत चुकायला छाती लागते.

माझा जीव मात्र मनालीत अडकलेला. दीड वर्षाची पोर, हाकेला वळत नव्हती. ताट आपटलं तरी नाही. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत नसेल.

त्यात ह्यांनी कॅम्प पाचच्या बाजारातल्या एका फर्निचरवाल्याकडून चेलो आणला. व्हायोलिनचाच थोरला भाऊ, जमिनीवर टेकवून गुडघ्यांत धरायचा. दुकानात शोभेला उभा होता. आधी कुणाचा, ते शेठलाही ठाऊक नव्हतं.

ओट्यावर ह्यांनी पहिल्यांदा गज ओढला आणि माझ्या पायाखाली फरशी घुमली. वाटलं, कानांनी नाही तर पाठीनं ऐकेल पोर! मनालीला चेलोला टेकवून बसवलं. ती डोलायला लागली. सूर थांबला की तीही थांबायची.

मग एका संध्याकाळी लाइट गेली. लोडशेडिंग. मिट्ट काळोख. सूर मात्र चालूच... खोल, संथ. जुन्या ओल्या लाकडाचा वास सुटला.

"वहिनी..." चंदूभावजी नळाजवळून हळूच म्हणाले, "राजा तर इथं पाणी पितोय."

त्यांनी काडी ओढली. गज ह्यांच्या हातात. चेलो भिंतीला टेकलेला, त्याला टेकून मनाली डोलतेय. आणि तारा थरथरतायत...

"मनाली!"

सूर तुटला. पोरीनं मान वळवली. माझ्या हाकेला, पहिल्यांदा.

हे तिथंच रडले. वस्ती म्हणते, राजाच्या चेलोनं पोरीचे कान उघडले. आता चंदूभावजीच चेलो उचलून ओट्यावर नेतात. मी ताठ मानेनं मागून जाते.

मनाली आता तीन वर्षांची. हाक मारली की "आले" म्हणते. कधी कधी कुणीच हाक मारलेली नसते, तरी "आले" म्हणून दाराकडं चालायला लागते. मी धरून आणते.

काल मात्र उंबऱ्यात थबकली. माझ्याकडं बघितलं, आणि बाहेर तोंड करून हळूच विचारलं,

"आईला पण आणू?"