स्वेरेच्या बाकावरची खिडकी

हे मी रंगवून सांगणार नाही. तेवढं त्राण उरलेलं नाही. घडलं तसं सांगते. तेव्हा त्या बोटीत बाबा आणि मी, दोघंच होतो.

निदान... आम्हाला तसं वाटत होतं.

मागच्या जूनमधली गोष्ट. दूर उत्तरेकडच्या आमच्या सेन्या बेटावर तेव्हा सूर्य मावळतच नाही. जे झालं ते लख्ख उन्हात झालं.

माझा भाऊ स्वेरे त्याआधीच्या शरदात एकटाच जाळी काढायला गेला होता. होडी सापडली.

तो नाही.

तो गेला हे बाबा मानायलाच तयार नव्हता. कबरीच्या दगडाचं विचारायला चर्चच्या पाद्रीबाई आल्या, तर त्यांना कॉफी पाजून वाटेला लावलं.

"माणूस बाहेर गेलेला असताना त्याचा दगड बसवतात का?"

घरात त्याला झोप येईना. म्हणून धक्क्याला बांधलेल्या आमच्या जुन्या बोटीत जाऊन पडायचा. तिच्या इवल्याशा केबिनमधून खाडीचं तोंड दिसतं. तिथेही डोळे उघडेच. त्यात हा न संपणारा उजेड.

मी लोकर आणि शिडाचं कापड जोडून केबिनच्या खिडक्यांना झाकणं शिवली. कडेने टिचबटणं. ती बसवायला आम्ही दोघं बसलो. बाबा लाकडी चौकटीत बटणांचे खालचे भाग पिळत होता, मी वरचे कापडात ठोकत होते.

"हे काय, बोटीला अंगडं शिवलंस?"

"तुला टोपडंही शिवते. गप्प पिळ."

"वाकडं बसतंय बघ."

"खिडकीच वाकडी आहे. बोट कुणी बांधली?"

तो हसला. कितीतरी महिन्यांनी.

टिच. टिच. टिच. एकेक खिडकी बंद होत गेली.

शेवटची राहिली, स्वेरेच्या बाकावरची. समुद्राकडची. बाबाने तिच्या चौकटीत बटणं बसवली. झाकण हातात घेतलं. तसाच उभा राहिला.

"ही नको."

"बाबा, सगळा उजेड तिथूनच येतो."

"येऊ दे. तो आला तर आपल्याला दिसायला नको?"

झाकण स्वेरेच्या रिकाम्या गादीवर पडून राहिलं.

जेवून आडवे झालो. बाबा स्वेरेच्या समोरच्या बाकावर, मी पुढच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून.

मग...

टिच.

मला बरं वाटलं. म्हटलं, ऐकलं शेवटी.

टिच.

सावकाश. कड चाचपत, अंगठ्याने दाबत लावावं तसं.

"बाबा, येऊ का मदतीला?"



आणि मग समोरच्या बाकावरून... घोरणं ऐकू आलं.

बाबा गाढ झोपला होता.

मी वळले. खिडकीत उजेडाची एक पट्टी उरली होती. कापडाची कड तिच्यावर हळूहळू सरकत होती. हात दिसत नव्हता. कुणीच दिसत नव्हतं. पण स्वेरेची गादी... दबली होती. दोन ठिकाणी. कुणी गुडघे टेकल्यासारखी.

"स्वेरे?"

कड थांबली.

क्षणभरच.

मग... टिच.

मिट्ट काळोख.

मी रांगत जाऊन हात पुढे केला. गादी गार होती. माझ्या तळव्याखाली तो खळगा हळूहळू वर येत होता... वर येत होता... सपाट झाला.

बाबा उठला तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार झाली होती. त्या खिडकीकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

"तू लावलंस?"

हो म्हणायचं होतं. मान आपोआप नकारार्थी हलली.

त्याने एकेका बटणावरून बोट फिरवलं. मग स्वेरेच्या उशीत तोंड खुपसून रडला. स्वेरे गेल्यापासून पहिल्यांदाच.

खूप वेळाने म्हणाला, "पाद्रीबाईंना फोन कर. दगडाचं बघायला हवं."

बाबाला आता झोप लागते. त्या खिडकीबद्दल तो बोलत नाही, मीही नाही. हिवाळ्यात बोट वर ओढली तेव्हा बाकीची झाकणं मी काढली. स्वेरेच्या खिडकीवरच्या झाकणाला हात लावायचा धीर झाला नाही.

कधी कधी मी एकटी त्या केबिनमध्ये जाऊन बसते. स्वेरेला नावाने हाक मारते. आणि कान देऊन थांबते...

काही ऐकू यावं म्हणून, की येऊ नये म्हणून, ते माझं मलाच कळत नाही.