विरामरस

दारूचे दुष्परिणाम दाखवणाऱ्या भिंतीवरच्या नकाशात वेणापूर गाव लालभडक दिसत होतं आणि त्याला खेटून असलेलं करंजघाट फिकट पिवळं. नागपूरच्या आरोग्य-संशोधन केंद्रात डॉ. हेमांगी धोटे बराच वेळ त्या दोन रंगांकडे पाहत उभी होती.

"वर्षभरात दोन्हीकडे दारू सारखीच खपते," ती म्हणाली. "पिकं तीच, मोहाची झाडं तीच. मग वेणापुरातच लोक बाजाराच्या दिवशी पडेपर्यंत का पितात? अपघात, मारामाऱ्या, सुजलेली यकृतं, सगळं तिथेच."

"कारण करंजघाटच्या माणसाला दोन पेल्यांनंतर दारू नकोशी होते," डॉ. यास्मीन शिकलगार म्हणाली. ती आतड्यातल्या जिवाणूंची अभ्यासक. "त्यात संयम वगैरे काही नाही, ताई. यकृतावर भार पडला की ते एक संप्रेरक सोडतं आणि मेंदूला कळवतं, आता बस. मी त्याला विरामरस म्हणते. तुमच्या-माझ्यात तो उशिरा आणि थेंबभर सुटतो. करंजघाटच्या लोकांच्या आतड्यात एक जिवाणू सापडलाय, तो यकृताला लवकर जागं करतो. त्यांच्या आंबिलीतून तो पिढ्यान्‌पिढ्या पोटात जात आलाय."

"म्हणजे ती आंबील वेणापुरात प्यायला दिली तर?"

"तर एका बैठकीत ढोसणं थांबावं."

हेमांगीचं माहेर वेणापूरचं. तिचा थोरला भाऊ पुंडलिक तिथल्या बाजारपेठेत मिठाईचं दुकान चालवायचा. आठवडाभर दारूला न शिवणारा हा माणूस बाजाराच्या संध्याकाळी बसला की उठायचं नाव घेत नसे. मागच्या वर्षी घरी येताना मोटारसायकलसकट पुलाखाली गेला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून हेमांगी रडली होती, आणि शुद्धीवर आल्यावर तोही.

परवानग्या मिळाल्या, ग्रामसभा झाल्या. लोकांना सगळं समजावून सांगितलं. ज्यांना हवी त्यांनी आंबील घ्यावी, नको त्यांनी घेऊ नये. सुरुवातीला पुरुष कुरकुरले, पण घराघरांतल्या बायकांनी आपणही वाटी तोंडाला लावली आणि पातेली रिकामी झाली. पुंडलिकनं तर तिखट फोडणी घालून मागितली.

पावसाळा सरता सरता वेणापूरचा लाल रंग उतरू लागला. हिवाळ्यात हेमांगी मुद्दाम बाजाराच्या दिवशी तिथे गेली. संध्याकाळी सरकारी रुग्णालयातल्या अपघात विभागात परिचारिका खिडकीशी बसून मटार सोलत होत्या.

"मॅडम, मधुमेहाचे पेशंटही सुधारले," तिथले डॉक्टर म्हणाले. "तुमच्या आंबिलीचा हा गुण आम्हाला कोणी सांगितला नव्हता."

हेमांगीला आनंद झाला, आणि त्याच आनंदात ती भावाच्या दुकानी पोचली. दुकानाचं अर्धं शटर खाली होतं. जिलबीची कढई थंड. पुंडलिक गल्ल्यावर हनुवटी टेकून बसला होता, पूर्ण शुद्धीत.

"हेमा, माझ्या हाताले काही झालं का?" त्यानं विचारलं. "माणसं पेढा घेतात, अर्धा खातात, अर्धा कागदात गुंडाळतात. परवा लग्नातले लाडू जसेच्या तसे परत आले. मी सोता चाखून पायलं. एक घास गोड लागते, दुसरा जात नाही."

हेमांगीच्या मनात डॉक्टरांचं बोलणं चमकलं. तिनं तिथूनच यास्मीनला फोन लावला.

पुंडलिकचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं. "साखर," यास्मीन हळूच म्हणाली. "यकृताला दारूचा भार आणि साखरेचा भार जवळजवळ सारखाच, ताई. विरामरस दोन्हींना थांबवतो. उंदरांत दिसलं होतं. माणसांत इतकं दिसेल असं वाटलं नव्हतं. लोकांना आधी सांगायला हवं होतं मी."

"उपाय?"

"जिवाणूनाशक गोळ्या. महिन्याभरात तो जिवाणू जाईल. गोडाची आवड परत येईल. पण दुसरीही येईल. एक ठेवून एक काढता येणार नाही."

हेमांगीनं भावाला काही न लपवता सांगितलं. "दादा, गोळ्या एकट्या तुझ्यासाठी नाहीत. गावानं ठरवलं तर सगळ्यांना देऊ. दुकान पुन्हा उभं राहील. चूक आमची आहे."

आतून निर्मलावहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाजाराच्या दिवशी चार वाजले की मी दारात उभी राहून पुलाकडे पाहत राहायची," ती नवऱ्याकडे पाहून म्हणाली. "आता नाही पाहत. बस, मले इतकंच सांगायचं होतं."

पुंडलिक उठला. त्यानं जिलबीचं पीठ बाजूला सारलं, बेसनाचा डबा ओढला आणि कढईखाली जाळ केला. "मले नाही पायजेत गोळ्या," तो म्हणाला. "वहिनीले सांग, आलू उकडायले टाक."

"मी इथंच हाय," निर्मलावहिनी म्हणाली, आणि तिघंही हसली.

गावानंही ग्रामसभेत तेच ठरवलं. गोळ्या कोणीच मागितल्या नाहीत. होळीच्या सुमाराला हेमांगी पुन्हा आली तेव्हा दुकानापुढे उभं राहायला जागा नव्हती. आलूबोंड्याचा घाणा कढईतून निघायचा अवकाश, परात रिकामी. वर तर्रीचा झणझणीत, तेलकट रस्सा. पूर्वी गुत्त्यावर बसणारी माणसं इथल्या बाकांवर बसून तासन्‌तास गप्पा छाटत होती आणि पुन्हा पुन्हा बशी पुढे करत होती.

गर्दीत उभ्या उभ्या तिनं यास्मीनला फोन केला. "तेल-मिठाला विरामरस थांबवत नाही का गं?"

"अजिबात नाही. तो फक्त दारू आणि साखर ओळखतो. उलट दारूची आणि गोडाची राहिलेली हौस माणूस तेल-मिठावर भागवणार. काहून विचारताय, ताई?" यास्मीन आता वैदर्भी शब्द वापरू लागली होती.

हेमांगीनं बाकांवरची माणसं निरखली. तेलकट बोटं, घामेजलेली कपाळं, खुशीत लाल झालेले चेहरे. तिच्या डोळ्यांपुढे एक नवा नकाशा उलगडू लागला, रक्तदाबाचा, आणि त्यात ठसठशीत लाल वेणापूर. तिनं पर्समधून पेन काढलं.

तेवढ्यात पुंडलिकनं तिच्या हातात गरम बशी ठेवली. बहिणीची नजर तो लहानपणापासून ओळखत होता.

"खाय मुकाट्यानं," तो म्हणाला. "आणि येच्यावर यंदा काही शोधू नको, बाई."