रिकामा दिलेला डबा

नवतपा लागला होता. नागपुरात त्या नऊ दिवसांत दुपारी बारानंतर कुत्रंही सावली सोडत नाही. मग पुष्पलतासारख्या सातव्या महिन्यातल्या बाईनं गुमान कूलरपुढं पडून राहावं की नाही? पण स्वस्थ बसेल तर शपथ! सासूबाई, म्हणजे जिजाबाई, जाऊन वर्ष झालं होतं आणि स्वयंपाकघरातलं त्यांचं कपाट कोणी उघडलंही नव्हतं. बाळ यायच्या आत ते निस्तरायचंच, असं तिनं मनावर घेतलं होतं.

"एका दिवशी एकच खण," तिच्या नवऱ्यानं, आनंदरावांनी, बजावलं. "उचलाउचली करून नको राहू वं."

माणूस धास्तावलेला होता. दोनदा सगळं होत्याचं नव्हतं झालं होतं. या खेपेला बाळ लाथा मारायला लागलं, तसे ते ऑफिस विसरून तिच्या पोटावर हात ठेवून बसायचे.

सोमवारी वरचा खण झाला. फाटक्या चाळण्या, कान तुटलेल्या कपबश्या, सगळं बाहेर. मंगळवारी दुसऱ्यातून मुंग्या लागलेला गूळ निघाला. बुधवारी तिसऱ्या खणात, अगदी मागे, एक पितळी डबा सापडला. झाकणावर नाव घातलेलं होतं : सौ. कौशल्या नत्थूजी.

नत्थूजी म्हणजे घरामागच्या खोलीत एकटेच राहणारे म्हातारे. लोकांची वस्तू लोकांच्या घरी बरी, म्हणत पुष्पलतानं डबा चिंचेनं लख्ख घासला आणि लगोलग नेऊन दिला.

त्यांनी झाकण उघडलं. आत बघतच राहिले.

"रिकामाच आणला काय वं पोरी?"

"काहून काका? काय झालं?"

"आनंदराव झाला तवा माह्या कौशल्यानं याच्यात तुह्या सासूले डिंकाचे लाडू धाडले होते. कौशल्यालेही तवा सातवाच होता. जिजावैनी म्हणे, तुह्या बाळंतपणात भरून देईन..." म्हाताऱ्यानं झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं. "बाळंतपण झालंच नाही. माय-लेकरू दोघंही गेले. साखरेचा दाणा तरी टाकाचा होता वं..."

पुष्पलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करू नये, हे काय तिला कोणी सांगायला हवं होतं? उद्या आनंदरावांकडून डिंक मागवू, लाडू वळून देऊ, असं म्हणत तिनं कशीबशी रात्र काढली.

गुरुवारी दुपारी ते ऑफिसात असताना तिनं चौथा खण उघडला. पुढ्यातच डबा होता. लख्ख घासलेला. झाकणावर तेच नाव.

तिनं मागच्या खिडकीतून हाक मारली, "काका... डबा तुम्ही आणून ठेवला का?"

"नाही वं. सकाळपासून सापडूनच नाही राहिला..."

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत बंद पडला आणि घर एकदम सुनं झालं. कपाटातून तुपात फुलणाऱ्या डिंकाचा वास येऊ लागला. चुलीवर तर काहीच नव्हतं. तिनं डबा ओढला. जड होता. आणि अंगासारखा कोमट.

मग तिच्या ध्यानात आलं, सकाळपासून बाळानं एकही लाथ मारली नव्हती.

"बाळा..." तिनं पोटावर हात दाबला. "ए बाळा... हल ना रे..."

पोट गप्प होतं. दुसरा हात अजून डब्यावरच होता. झाकणाखालून, आतल्या बाजूनं, तिच्या तळहाताला हळूच एक लाथ लागली.