तिसरा बिल्ला

घुग्घुसच्या आमच्या कॉलनीत एलटीसीची, म्हणजे कंपनीच्या खर्चानं फिरायची, रजा घेऊन खरोखर कुठं तरी जाणारा माणूस विरळाच. बाकीचे लोक पंधरा दिवस घरात झोपा काढायचे, नाहीतर सासुरवाडीला जाऊन यायचे. आमचे बाबा मात्र मला समुद्र दाखवायला विशाखापट्टणला घेऊन गेले. साल शहाऐंशी, महिना जानेवारी. मी, सत्या, अकरा वर्षांची होते. आईचे दिवस भरत आले होते, म्हणून ती माहेरी कोरपन्याला होती. आम्ही दोघंच निघालो. दोघंच, हे मी मुद्दाम सांगते आहे.

बाबांचं नाव सोमाजी. घुग्घुसजवळच्या एका भूमिगत खाणीत ते सरदार होते. सरदार म्हणजे वीस-पंचवीस माणसांची पाळी आत नेणारा आणि तितकीच माणसं बाहेर आणणारा. त्यामुळे मोजायची सवय त्यांच्या अंगातच भिनली होती. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी माणसं मोजायचे. आई म्हणायची, या माणसाला झोपेतून उठवलं तरी तो आधी आमची हजेरी घेईल.

खाणीच्या तोंडाशी बत्तीघर होतं, टोपीवरचे दिवे द्यायची-घ्यायची खोली, आणि बत्तीघराच्या भिंतीवर एक लाकडी फळा. फळ्यावर खिळे, खिळ्यांवर नंबर कोरलेले पितळी बिल्ले. आत जाताना आपला बिल्ला काढून न्यायचा, बाहेर आल्यावर आपल्याच हातानं खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. खाणीतल्या काम संपलेल्या गल्लीतले लाकडी टेकू काढून छत मुद्दाम पाडतात, पण त्याआधी फळा बघायचा, अशी रीत. एकही खिळा रिकामा असला तर टेकूला हात लावायचा नाही.

शेजारच्या क्वार्टरमध्ये पोचूकाका राहायचे, बाबांच्याच पाळीतले. मूळचे सिरोंचाचे. तरुणपणी त्यांनी विशाखापट्टणच्या बंदरावर हमाली केली होती, त्यामुळे समुद्र म्हणजे जणू त्यांच्या परसातली विहीर. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून ते मला तेलुगू आकडे शिकवायचे. ओकटि, रेंडु, मूडु. माणसं मोजताना मात्र मूडु म्हणायचं नाही, मुग्गुरु म्हणायचं. तिघं. सहलीचा बेतही त्यांनीच आखला होता. आधी मासळीचा धक्का, मग केळीच्या पानावर जेवण, मग वाळू, आणि दुपारी चारला दीपगृह.

"मले सोबत ने, सरदार," ते बाबांना म्हणायचे. "तुले तेलुगू येत नाई. पोरगी हरवून येशील."

बाबा हसायचे. पण सहलीच्या आदल्या जूनमध्ये खाणीत छत पडलं आणि पोचूकाका त्याखाली गेले. त्यानंतर बाबांना हसताना मी पाहिलं नाही. घरात कोणी काही बोलायचं नाही. मला एवढंच कळत होतं की चौकशी चालू आहे, पोचूकाकांच्या कांताकाकूंना नवऱ्याच्या जागी नोकरी मिळायची ती अडली आहे, आणि रजेवरून परतल्यावर बाबांची जबानी आहे.

विशाखापट्टणला गाडी सकाळी पोचली. स्टेशनाबाहेर सायकलरिक्षांची रांग होती. बाबा हातवारे करून काही सांगणार, तोच एका रिक्षावाल्यानं आमची पिशवी उचलली आणि मान डोलावली, जणू त्याचं बोलणं आधीच झालं होतं. त्यानं आम्हाला थेट मासळीच्या धक्क्यावर आणलं. मला मजा वाटली. बाबांना वाटलं, मीच माझ्या मोडक्या तेलुगूत सांगितलं असेल. मला वाटलं, बाबांनी.

धक्क्यावर रंगीत होड्या होत्या, चांदीसारखे मासे होते, आणि वास असा की मी ओढणी नाकाला लावली. त्या मासळीच्या वासात मधूनच दुसरा वास यायचा. ओल्या कोळशाचा आणि घोटलेल्या खर्ऱ्याचा. आमच्याकडे हा वास प्रत्येक पानठेल्यावर असतो. तिथं तो कुठून येत होता, कोण जाणे. मी बाबांकडे पाहिलं. ते मागं वळून बघत होते.

खानावळीत जेवायला बसलो तेव्हा पोऱ्यानं तीन पानं मांडली. बाबांनी दोन बोटं दाखवली. पोऱ्यानं बाबांच्या शेजारच्या रिकाम्या बाकाकडे हात केला आणि काही बोलला. त्यातला एकच शब्द मला कळला. मुग्गुरु.

"बाबा, हा तिघं म्हणते," मी म्हटलं, आणि हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी तिसरं पान उचलू दिलं नाही. त्यावर भात पडला, सांबार पडलं, आणि तसंच राहिलं. बाबांनी स्वतःच्या पानावरचे चार घासही खाल्ले नाहीत. उठताना मी पाहिलं, तिसऱ्या पानावरचं मीठ मात्र कोणीतरी बोटानं चिमूटभर उचललं होतं. पोचूकाका घास घेण्याआधी असंच मीठ चाखायचे.

तरी वाळूवर गेल्यावर मी सगळं विसरले. तेवढं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. मी गुडघ्यापर्यंत आत गेले, ओरडले, भिजले. बाबा काठावर उभे होते, समुद्राकडे पाठ करून. अधूनमधून त्यांचे ओठ हलायचे. ते मोजत होते. दोनाच्या पुढं त्यांचे ओठ पुन्हा हलले की मला उगाच थंडी वाजायची.

दीपगृह एका टेकडीवर होतं. दाराशी खाकी कपड्यातला म्हातारा राखणदार बसला होता आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला एक फळा. फळ्यावर खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे बिल्ले. वर जाताना घ्यायचा, उतरल्यावर लावायचा, म्हणजे पाचला कुलूप घालताना आत कोणी कोंडलं जात नाही. बाबा त्या फळ्यासमोर इतका वेळ उभे राहिले की मीच त्यांचा हात ओढला.

राखणदारानं तीन बिल्ले पुढं केले.

"दो," बाबा म्हणाले.

"तीन," म्हातारा मोडक्या हिंदीत म्हणाला. "एक आदमी आगे गया. बोला, बिल्ला पीछेवाला लेगा."

बाबांनी तिन्ही बिल्ले मुठीत घेतले.

आत शिरलो आणि उन्हानं दिपलेल्या डोळ्यांना काही दिसेना. गोल गोल लोखंडी जिना. भिंतींना खारट ओल आलेली. आमच्या चपला वाजत होत्या, आणि आमच्या वर, एक वळण सोडून, दुसरी पावलं वाजत होती. जड, सावकाश. खाणीतले गमबूट वाजतात तशी. आम्ही थांबलो की ती थांबायची.

"बाबा... वर कोण आहे?"

"चाल, बाई," ते हळूच म्हणाले. "हात नोको सोडू."

वर पोचलो तर सज्ज्यात कोणी नव्हतं. चहूकडे नुसता समुद्र, वारा, आणि कठड्यावर खर्ऱ्याची ताजी, लाल पिंक. बाबा खाली बसले, भिंतीला टेकून. मग त्यांनी मला सांगितलं. अकरा वर्षांच्या पोरीला. मला वाटतं, ते मला सांगतच नव्हते.

"पोचूचा बिल्ला म्या लावला होता, सत्या."

त्या दिवशी पाळी सुटली तेव्हा पोचूकाकांचा डबा गल्लीत राहिला होता. त्यांनी आपला बिल्ला बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, लावून टाक, मी मागूनच आलो. असं सगळेच एकमेकांसाठी करायचे. बाबांनी बत्तीघरात जाऊन बिल्ला खिळ्याला लावला. पुढच्या पाळीच्या सरदारानं भरलेला फळा बघितला आणि टेकू काढायला सांगितले. आता चौकशीत ठरत होतं की पोचू बाहेर आला होता, बिल्ला लावला होता, आणि मग परवानगीशिवाय पुन्हा आत गेला. चूक त्याचीच. तसं ठरलं तर कांताकाकूंना नोकरी मिळणार नव्हती. बाबांनी खरं सांगितलं तर त्यांची सरदारी जाणार होती. सात महिने बाबा गप्प होते.

मी म्हटलं, "मंग सांगून द्या ना, बाबा."

उतरताना वरची पावलं आमच्या मागं मागं आली. एक वळण सोडून. खाली बाबांनी दोन बिल्ले खिळ्यांना लावले आणि तिसरा मुठीत धरून उभे राहिले. पाच वाजत आले होते. राखणदारानं हात पुढं केला. बाबांनी मान हलवली, वर माणूस आहे म्हणाले. म्हातारा कुरकुरत वर गेला, बऱ्याच वेळानं धापा टाकत उतरला. वर कोणी नव्हतं. बिल्ला लाव, मला कुलूप घालायचं आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला.

"तो बाहेर आल्याबिगर मी नाई लावत," बाबा मराठीतच म्हणाले.

आणि ते पुन्हा जिन्याकडे वळले. तेव्हा मात्र मी घाबरले. आत गेले तर हे परत येणार नाहीत, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मी दोन्ही हातांनी त्यांचा सदरा धरला आणि रडायला लागले. बाबा उंबऱ्यावर थांबले. आतल्या अंधारात, शेवटच्या पायरीवर, कोणीतरी उभं होतं. दिसत नव्हतं. खर्ऱ्याचा वास होता, आणि दमलेल्या माणसाचा श्वास.

"पोचू..." बाबा म्हणाले. "मी सांगतो. जबानीत सांगतो. तू ये बाहेर."

मग माझ्या उजव्या बाजूनं, जिथं फक्त ऊन होतं, काहीतरी गार आणि ओलं निघून गेलं. म्हाताऱ्या राखणदारानं वाट द्यावी तसे पाय आखडून घेतले. त्यानं मग तो बिल्ला मागितला नाही.

जबानीच्या दिवशी मी हट्टानं बाबांसोबत चंद्रपूरला गेले. जाताना कंडक्टरनं न विचारता दोन पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं. बाबांनी मुकाट्यानं घेतलं. चौकशीच्या साहेबांच्या टेबलावर तो दीपगृहाचा पत्र्याचा बिल्ला ठेवून ते सगळं बोलले, अगदी शेवटपर्यंत. परतताना कंडक्टरनं एक पूर्ण आणि एक अर्धं दिलं. बाबा त्या तिकिटांकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"एकच?" त्यांनी विचारलं, आणि भर बसमध्ये त्यांना रडू कोसळलं.

घरी आल्यावर खिसा पाहिला तर बिल्ला नव्हता. टेबलावरून उचलल्याचं आम्हा दोघांनाही पक्कं आठवत होतं.

सरदारी गेली. बाबा खाणीच्या वरच्या अंगाला लाकडाच्या कोठारात लागले. पुढच्या पावसाळ्यात कांताकाकूंना नोकरी मिळाली, बत्तीघरातच. पोचूकाकांचा पितळी बिल्ला चौकशीवाल्यांनी नेला होता, त्यामुळे त्यांचा खिळा रिकामाच असायला हवा होता. पहिल्याच दुपारी काकूंना त्यावर पत्र्याचा एक बिल्ला दिसला. ओला. वाळल्यावर त्यावर पांढरं मीठ धरलं. घुग्घुसमध्ये, जिथं दोरीवरचं धुतलेलं धोतरसुद्धा संध्याकाळपर्यंत काळं पडतं.

सकाळची पाळी आत गेली की तो खिळा रिकामा होतो. दुपारी दोनला पाळी सुटते, माणसं येतात, आपापले बिल्ले लावून घरी जातात. कांताकाकूंची पाळीही दोनलाच सुटते. पण तो बिल्ला खिळ्याला आल्याशिवाय त्या घरी जात नाहीत.