आसगावच्या शर्यतीच्या रस्त्यावर

"तुमी पुढं व्हा ना... मी मागून येतो."

पवनीच्या वेशीवर, सायकलींच्या गर्दीत हा अनोळखी आवाज आला. मी वळून पाहिलं. उंच, सावळा, गळ्यात निळा रुमाल — आणि सरळ माझ्यावरच रोखलेले डोळे.

"काहून? माझ्या मागं काय हाये?"

"लाल ओढणी हाये. दुरून दिसते." तो हसला. "मी सुगत. जवाहरनगरचा."

"मी रीना. आसगावची. आन ओढणीच्या मागं येनारे बहुत पाहिले मी!"

पवनी ते आसगाव हा शर्यतीचा जुना रस्ता. एके काळी इथं दरवर्षी सायकलींची शर्यत व्हायची आणि गावंच्या गावं दोन्ही बाजूंना उभी राहायची. ती बंद पडून बरीच वर्षं झाली. कधीकाळी ती जिंकलेल्या भैयाजींनी आज आम्हा पोरापोरींना त्याच रस्त्यानं न्यायचं ठरवलं होतं. दुपार होती, पण ऊन नव्हतं. डिसेंबरचं आभाळ पार खाली उतरलेलं... शेतांत कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे ताडपत्री पांघरून गप्प बसलेले.

निघालो. मागे त्याच्या चाकाची कुरकुर ऐकू येत होती. मी हळू झाले की तोही हळू, मी वेग घेतला की तोही.

"बाजूनं चाला ना! बोलता तरी येईन."

"बाजूनं नाही जमत."

"लाजता काय?"

"हाव... तसंच समजा."

मला हसू आलं. तो पाहतोय म्हणून मी उगाचच मानेवरचे केस सारखे केले.

इतक्यात बांधावरून एक म्हैस रस्त्यावर आली. मी निसटले. मागे — धाडकन आवाज झाला. सुगत तिच्यावर आदळून रस्त्यात पडला होता. कोपर फुटलेलं, पुढचं चाक वाकडं. म्हैस मात्र शांतपणे निघून गेली. भैयाजी मागे फिरून आले. "आमी पायी येतो," म्हणून मीच त्यांना पुढे धाडलं.

"एवढी मोठी म्हैस दिसली नाही तुमाले?"

"नाही दिसली." तो धूळ झटकत राहिला. मग हळूच म्हणाला, "नळीतून पाहिल्यावानी दिसते मले. समोरचं तेवढं. बाजूचं सारं गेलं. डॉक्टर म्हणते, समोरचंही जाईन... हळूहळू."

मी ओढणी फाडून त्याच्या कोपराला बांधली. राग आला होता.

"मंग आलेच काहून? मेले असते ना!"

"लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून ही शर्यत पाहिली होती. तवाच ठरवलं, हा रस्ता एकदा आपन पुरा करायचा. आता... डोळे हायेत तोवर."

मी कोपरावरची गाठ घट्ट आवळली. आम्ही सायकली हातात धरून चालू लागलो. पावसाची भुरभुर सुरू झाली. आसगावला पोचलो तेव्हा तिथं कुणीच नव्हतं. स्वागताचा फलक उतरवलेला, चहाचे कागदी कप चिखलात पडलेले.

"झाला रस्ता पुरा," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. "उद्या सायकल देऊन टाकतो कोनाले. आन तू... दया करून राहिली काय माझ्यावर?"

"दया आली असती तं टेम्पोत बसवून देलं असतं. एवढं पायी कोन चालते?"

"मंग?"

"मंग काय! आवडला तू मले. झालं?"

त्यानं वाकडी सायकल रस्त्याकडेला आडवी टाकली.

"रीना... काही वर्षांनी तुझा चेहरा मले दिसनार नाही."

मी म्हणाले, "मंग आता पाहून घे."

तो जवळ आला. अख्खी मी त्याला एकदम दिसत नव्हते. त्यानं आधी कपाळ पाहिलं. मग एक डोळा... थांबून दुसरा. मग नाक, ओठ. माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते सारंच पावसाचं नव्हतं. मी पुसायला हात उचलला.

"हालू नोको," तो हळूच म्हणाला. "हनुवटी राहिली अजून."